स्पीकर आणि अॅम्प्लिफायरची जोडी कशी जुळवावी? पैसे देण्याआधी हे आकडे तपासा

मोबाईलवर गाणं, भजन, कीर्तन सगळं मिळतं. पण मोबाईलचा आवाज ओसरीच्या बाहेर जात नाही आणि टीव्हीचा आवाज पातळ लागतो. म्हणून घरात, भजनी मंडळाच्या खोलीत, गावच्या वाचनालयात दोन लहान स्पीकर आणि एक अॅम्प्लिफायर घेण्याकडे कल वाढला आहे. अडचण अशी की स्पीकर एका दुकानातून येतो, अॅम्प्ली दुसरीकडून किंवा ऑनलाइन येतो आणि दोघांचं जमत नाही. महिन्याभरात आवाज फाटायला लागतो, नाहीतर कॉइल जळते. वर्गणीचे किंवा पिकाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून ही माहिती.

बुकशेल्फ स्पीकर म्हणजे काय?

कपाटावर, फळीवर किंवा स्टँडवर मावणारा लाकडी बॉक्स. त्यात खाली चार ते साडेसहा इंची वूफर आणि वर लहान ट्विटर असतो. वूफर ढोलकी-पखवाजाचा आणि गळ्याचा भारदस्त आवाज देतो, ट्विटर टाळ-चिपळ्यांचा बारीक आवाज देतो.

याचे दोन प्रकार आहेत. ज्याला थेट विजेची वायर जोडतात तो ॲक्टिव्ह. त्याच्या पोटातच अॅम्प्ली असतो आणि जुळवाजुळव कंपनीनेच केलेली असते. ज्याला मागे फक्त लाल-काळे दोन खटके असतात तो पॅसिव्ह. त्याला वेगळा अॅम्प्ली लागतो. ज्यांना वायरींच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी सरळ ॲक्टिव्ह घ्यावा. पॅसिव्हचा फायदा असा की उद्या अॅम्प्ली बिघडला तर स्पीकर वाया जात नाहीत.

रिसीव्हर म्हणजेही अॅम्प्लीच. त्यात रेडिओ, टीव्हीची एचडीएमआय जोडणी आणि पाच-सात स्पीकरची सोय असते. (गावात डिशच्या बॉक्सलाही रिसीव्हर म्हणतात, तो वेगळा.) दोनच स्पीकर लावायचे असतील तर साधा स्टिरिओ अॅम्प्ली पुरतो.

पहिला आकडा : ओम

स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओम लिहिलेलं असतं. हा वीजप्रवाहाला होणारा अडथळा. ओम जितका कमी, तितका अॅम्प्लीवर भार जास्त. अॅम्प्लीच्या मागेही ‘४ ते ८ ओम’ किंवा ‘किमान ६ ओम’ असं छापलेलं असतं. नियम एकच : स्पीकरचा ओम अॅम्प्लीच्या किमान आकड्यापेक्षा कमी नसावा. ८ ओमचा स्पीकर बहुतेक अॅम्प्लींना चालतो.

एकाच खटक्यावर दोन स्पीकर जोडताना फसगत होते. ८ ओमचे दोन स्पीकर लाल-लाल आणि काळा-काळा असे समांतर जोडले की भार ४ ओमचा होतो. ४ ओमचे दोन जोडले की २ ओम होतो आणि बरेच अॅम्प्ली तिथे तापतात, बंद पडतात किंवा जळतात. एकामागे एक जोडले तर ८ आणि ८ मिळून १६ ओम. धोका नाही, पण आवाज कमी.

जुन्या होम थिएटरचे बॉक्स वापरायचे असतील तर विशेष सांभाळा. त्यातले कितीतरी ३ किंवा ४ ओमचे असतात.

दुसरा आकडा : सेन्सिटिव्हिटी

हा आकडा फारसं कोणी पाहत नाही, आणि खरा आवाज त्यावर ठरतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. बुकशेल्फ स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ८८ असतो.

हिशोब असा : वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. म्हणजे ८८ डेसिबलचा स्पीकर ५० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढा वाजायला ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॉट लागतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. त्यामुळे ४० वॉटच्या जागी ६० वॉटचा अॅम्प्ली घेऊन फार फरक पडत नाही. जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर पडतो.

तिसरा आकडा : वॉट

खोक्यावर ‘२००० वॉट पीएमपीओ’ असं मोठ्या अक्षरात दिसलं तर त्याकडे लक्ष देऊ नका. आरएमएस वॉट विचारा, तेही किती ओमवर आणि एका बाजूला किती ते. ४ ओमवर ५० वॉट देणारा लहान अॅम्प्ली ८ ओमवर साधारण निम्मेच देतो. काही कंपन्या आवाज फाटेपर्यंत ताणून आकडा काढतात. तिथे ‘१० टक्के टीएचडी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मग लागतात किती? समजा १२ बाय १५ फुटांची खोली आहे, स्पीकर ८५ डेसिबलचे आहेत आणि माणसं तीन मीटरवर बसली आहेत. दोन्ही स्पीकरना एकेक वॉट दिला तरी ढोबळमानाने ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या घरात असतं. म्हणजे रोजचं ऐकणं दोन-चार वॉटमध्ये भागतं. पखवाजाच्या थापेला आणि चढ्या स्वराला क्षणभर जास्त ताकद लागते, त्यासाठी बाजूला ३० ते ५० वॉट असले की पुष्कळ झाले.

लहान अॅम्प्लीने मोठा स्पीकर जळत नाही, हा समज चुकीचा आहे. बटण शेवटपर्यंत फिरवलं की अॅम्प्लीचा दम संपतो आणि आवाज फाटतो. त्या फाटलेल्या आवाजात ट्विटरच्या वाट्याला नको तेवढी वीज जाते आणि आधी तोच जळतो. आवाज फाटतोय असं वाटलं की बटण मागे घ्या, स्पीकर कितीही वॉटचा असो.

ऑनलाइन मिळणारे छोटे ब्लूटूथ अॅम्प्ली

तळहाताएवढे हे अॅम्प्ली स्वस्त असतात आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात, म्हणून लोडशेडिंगच्या गावात उपयोगी आहेत. पण त्यांची ताकद अॅडाप्टरवर ठरते. ८ ओमच्या स्पीकरला १२ व्होल्टवर बाजूला फार तर ९ वॉट मिळतात, लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडाप्टरवर सुमारे २२ आणि २४ व्होल्टवर सुमारे ३६. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच. ४ ओमला याच्या जवळपास दुप्पट. खोक्यावर १०० वॉट लिहिलं आणि सोबत १२ व्होल्टचा अॅडाप्टर दिला, तर १०० वॉट निघणार नाहीत. अॅडाप्टर जोडण्याआधी अॅम्प्लीवर छापलेली व्होल्टची मर्यादा आणि प्लस-मायनस पाहा. २४ व्होल्टसाठी अॅडाप्टर ३ ते ५ अँपिअरचा असावा.

मंदिराच्या मशीनला घरचा स्पीकर जोडताना

भोंग्याच्या अॅम्प्लीमागे कॉम, ४, ८, १६ ओम आणि शिवाय ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे खटके असतात. ७० आणि १०० चे खटके लांबच्या लाइनसाठी आहेत. तिथे ट्रान्सफॉर्मर असलेला स्पीकरच लागतो. घरचा ८ ओमचा बॉक्स चुकून १०० व्होल्टवर लावला आणि आवाज पूर्ण सोडला तर तो १२५० वॉट ओढायला बघतो. स्पीकर तरी जातो, नाहीतर मशीन तरी. असा एक बॉक्स कॉम आणि ८ वर लावावा. ८ ओमचे दोन समांतर असतील तर कॉम आणि ४ वर. आवाज बेतानेच ठेवावा, कारण या मशीनची ताकद घरच्या स्पीकरपेक्षा बरीच जास्त असू शकते.

टीव्ही, वायर आणि जागा

- टीव्हीच्या मागे हेडफोनचं किंवा लाल-पांढरं भोक असेल तर साधी वायर चालते. नव्या टीव्हीला फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी असेल, तर तशी सोय असलेला अॅम्प्ली घ्या किंवा मध्ये डॅक नावाची छोटी डबी लावा.
- पाच मीटरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची आणि दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त असते. ती घेतलीच तर एक माप जाड घ्या.
- लाल खटका लालला, काळा काळ्याला. एका बाजूला उलटं झालं तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्जाचा आवाज मारतात आणि भजन पोकळ ऐकू येतं.
- ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. मागे भोक असलेला बॉक्स भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा. कोपऱ्यात ठेवला की आवाज घुमतो.
- सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याच्या छपराखाली आवाज आदळतो. खाली सतरंजी आणि भिंतीला जाड पडदा किंवा गोधडी लावली तर शब्द स्वच्छ ऐकू येतात. महागडा अॅम्प्ली घेण्याआधी हे करून पाहा.
- विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग नसेल तर वायरमनकडून आधी करून घ्या.

जुना स्पीकर घेताना

मल्टिमीटर लावा. ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओमचा ३ ते साडेतीन. काटा हललाच नाही तर कॉइल किंवा आतली जोडणी तुटलेली आहे. वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहा; कुजला असेल तर भुगा पडतो. दीड व्होल्टच्या सेलचा प्लस लाल खटक्याला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी सरळ आहे. ट्विटर या सेलवर तपासता येत नाही. त्यासाठी टाळांचं भजन हळू आवाजात लावून कान जवळ न्यावा.

दुकानात जाताना काय न्यावं?

खोलीची लांबी-रुंदी कागदावर लिहा. टीव्हीच्या मागच्या भागाचा मोबाईलवर फोटो काढा. घरात अॅम्प्ली किंवा स्पीकर आधीच असेल तर त्याच्या मागच्या पट्टीचाही फोटो घ्या. ओम आणि वॉट तिथेच छापलेले असतात. आपल्या ओळखीचं एखादं भजन फोनमध्ये ठेवा आणि तेच वाजवून दाखवायला सांगा. पैशाची ओढ असेल तर जास्त पैसे स्पीकरवर घाला, अॅम्प्ली नंतर बदलता येतो. बिलावर मॉडेल, ओम आणि वॉरंटी लिहून घ्या.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. जुळलेली जोडी हळू आवाजातही शब्द न शब्द ऐकवते, त्यामुळे शेजाऱ्याची झोप मोडायची वेळ येत नाही.