घेरियाचे चित्र आणि वल्ही मारणारे हात

जहाजांच्या चढाओढीचे चित्र पाहताना आपली नजर आधी शिडांवर जाते. दोर ओढणारे हात शेवटी दिसतात, बहुधा दिसतच नाहीत. समुद्रापासून शेकडो कोस दूर, वैनगंगेच्या काठी गोसीखुर्दला हा विषय काढण्याचे कारण असे की, चित्र हाही इतिहासाचा एक कागदच आहे. आणि तो कोणी, कोणाच्या बाजूने लिहिला, हे विचारण्याचा हक्क विद्वानांइतकाच आम्हां कामगारांनाही आहे.

आम्ही ज्या चित्राविषयी बोलणार आहोत ते डॉमिनिक सेरेस याने १७७१ साली रंगविले. आज ते लंडनजवळ ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. विषय आहे १७५६ च्या फेब्रुवारीतील घेरियाचा, म्हणजे आपल्या विजयदुर्गाचा पाडाव. सेरेस हा मूळचा फ्रान्सचा. तरुणपणी तो समुद्रावर गेला, इंग्रजांच्या हाती कैदी म्हणून सापडला, आणि पुढे त्याच इंग्रजांच्या आरमाराची चित्रे काढून मोठा झाला. जहाजाची त्याला उत्तम जाण होती. परंतु घेरियाची लढाई त्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पंधरा वर्षांनी, जिंकणाऱ्यांच्या देशात बसून त्याने ती रंगविली.

आता या चढाओढीचा आधीचा भाग पाहू. इंग्रज कंपनी समुद्रावर परवाने देई, तसेच सरखेल कान्होजी आंग्रेही दस्तके देत. दस्तक नसलेले जहाज आंग्रे पकडत. म्हणून कंपनीच्या कागदांत ते ‘चाचे’ ठरले. तोच व्यवहार कंपनीने केला की ती राजसत्ता, आंग्र्यांनी केला की ती लूट! १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले, तेही हात हलवीत परतले. १७२९ साली कान्होजी वारले, तरी १७३५ साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडलेच.

हे कसे साधले? इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जड, बूड खोल. आंग्र्यांची गुराबे उथळ पाण्यात चालत आणि नाळेवरच्या तोफांनी समोर मारा करीत. त्यांच्यासोबत गलबते असत, आणि एकेका गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागीच खिळे. त्या वेळी गलबते गुराबांना दोर बांधून ओढीत नेत, शत्रूच्या पिछाडीस गाठीत, आणि आधी त्याची डोलकाठी व दोरखंड तोडीत. म्हणजे वारा थांबल्यावर जी शर्यत उरे ती दंडाच्या बळाची. ती जिंकणारे होते कोकणातले कोळी, भंडारी आणि त्यांच्यासारखे दर्यावर्दी. सरखेलांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. वल्हेकऱ्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

आणि हे आरमार बुडाले कसे? केवळ इंग्रजांच्या पराक्रमाने नव्हे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला; त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन समुद्राकडून घेरियावर आला, त्याच्याबरोबर क्लाइव्ह होता, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज होती. तोफांच्या माऱ्यात बंदरातल्या एका जहाजाने पेट घेतला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली, आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये सापडले, ते इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. वर्षाअखेर किल्ला पेशव्यांना मिळाला, पण जहाजे कुठली मिळणार? पुढच्याच वर्षी, १७५७ साली, हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि प्लासीचा निकाल जगजाहीर आहे. घरच्या भांडणात परक्याला पंच केले म्हणजे तो घरच मागतो. संघटनेच्या कामात ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगतो; मालकाच्या दारात आपला तंटा नेणाऱ्या दोन युनियनांना ती चटकन कळते.

हौसेच्या शर्यतींतही हेच दिसते. १९३४ साली अमेरिकेत न्यूपोर्टच्या समुद्रावर ‘एंडेव्हर’ आणि ‘रेनबो’ या दोन शर्यती नौकांचा सामना झाला. त्या जातीच्या नौकांची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत हौसेने लावली जातात. इंग्लंडच्या ‘एंडेव्हर’चा मालक सॉपविथ हा विमानांचा कारखानदार. निघण्याच्या सुमारास त्याच्या पगारी खलाशांनी वेतनवाढ मागितली; त्याने त्यांना काढून हौशी मंडळी घेतली. पहिल्या दोन शर्यती ‘एंडेव्हर’ने जिंकल्या, पुढच्या चारही गमावल्या. हार केवळ त्यामुळेच झाली असे आम्ही म्हणणार नाही, डावपेचही चुकले. पण सरावलेला हात दोन आण्यांच्या हिशेबात तोडायचा आणि मग वाऱ्याला दोष द्यायचा, ही रीत आमच्या ओळखीची आहे. शिडांच्या चित्रात हा संप कुठेच दिसत नाही.

मग चित्रे पाहू नयेत काय? अवश्य पाहावीत. सेरेसचे कसब खोटे नाही. परंतु चित्र पाहून झाल्यावर चौकटीबाहेर कोण राहिले, हेही विचारावे. या गोसीखुर्दला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. आज इंदिरा सागराचे पाणी दूरवर पसरलेले दिसते आणि त्याची चित्रेही सुंदर निघतात. त्या पाण्याखाली गावे आहेत, गावांत घरे होती. माती वाहणारे मजूर होते, नदीवर डोंगे चालविणारे ढिवर बांधव होते. आंग्र्यांच्या वल्हेकऱ्यांची नावे आता कोणालाही लिहिता येणार नाहीत. ही नावे सांगणारी माणसे मात्र अजून गावोगाव आहेत. शाळेच्या मुलांनी एकेक वही घ्यावी, आजा-आजीजवळ बसावे आणि कोणाचे घर कुठे होते, धरणावर कोणी काम केले, हे उतरून घ्यावे. त्याला ना चित्रकार लागतो, ना सरकारची मंजुरी.