मच्छरदाणी : घरगुती इतिहासाचें एक उपेक्षित साधन

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, वतनपत्रें व निवाडे शोधतांना रोजकीर्दींतील किरकोळ खर्चाकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. मच्छरदाणी ही अशीच एक उपेक्षित बाब होय. नागपूरसारख्या तलावांच्या मुलुखांत, हिंवताप घरोघर ठाऊक असतां, ही वस्तु थोड्याच घरीं कां असावी? ‘अज्ञान’ या एका शब्दानें हा प्रश्न निकालांत काढण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य आहे तें पाहूं.

प्रथम शब्द घेऊं. संस्कृत कोशांतील ‘मशकहरी’ व हिंदींतील ‘मसहरी’ यांचा अर्थ मशकांस दूर करणारी एवढाच. अत्तरदाणींत अत्तर राहतें, पिकदाणींत पीक. मच्छरदाणींत मात्र मच्छरांसच मज्जाव! यांपैकीं एकाहि नांवांत तापाचा उल्लेख नाहीं. सुश्रुतानें कल्पस्थानांत सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे डांसांचे पांच प्रकार दिले आहेत. तृतीयक, चतुर्थक इत्यादि विषमज्वरहि त्यास अवगत होते. एवढ्यावरून उभयतांचा संबंध त्यानें जाणला होता असें कोणी म्हणतात. परंतु डांस तो विषारी कीटकांत गणतो आणि ज्वराचें निदान उत्तरतंत्रांत दोषांवरून करतो. ईजिप्तमधील दलदलीकडचे लोक मासे धरण्याचें जाळें रात्रीं बिछान्याभोंवतीं लावीत, असें हिरोडोटसानें इ. स. पूर्वी पांचव्या शतकांत लिहिलें. तेथेंहि कारण डांसांचा उपद्रव हेंच.

ताप येई तो हवापाण्यानें, अशी समजूत इकडे होती आणि युरोपांतहि होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच दूषित हवा. लाव्हरान यानें रक्तांतील जंतु १८८० सालीं पाहिला, आणि रॉस यानें तो डांसाच्या पोटांत सिकंदराबादेस २० ऑगस्ट १८९७ रोजीं पाहिला. तत्पूर्वींच्या गृहस्थानें तापाकरितां मच्छरदाणी लावली नाहीं म्हणून त्यास दोष देणें हा कालविपर्यास होय.

दुसरें कारण शेजेचें. मच्छरदाणीस चार खांबांचा पलंग हवा. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्या किंवा बाजेवर निजणाऱ्या कुटुंबास ती टांगावी कोठें? तलम मलमलीचा पडदा वाराहि अडवी. जाळीचें कापड यंत्रावर विणण्याची हीथकोट याची युक्ति १८०९ च्या सुमाराची. शिवाय वैशाखांत पारा ४५ अंशांकडे झुकला, कीं सारें घर अंगणांत नाहीं तर गच्चीवर निजावयाचें.

ज्ञान झाल्यावर तरी वर्तन पालटलें काय? १९५३ सालीं देशभर घरोघर डी. डी. टी. फवारण्याची योजना निघाली. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर उतरली. पुढें १९७६ सालीं ती सुमारें ६४ लाखांवर चढली. या सर्व काळांत मच्छरदाणी लागे ती डांस गुणगुणूं लागले म्हणजे. गटारांत वाढणारे डांस माघ-फाल्गुनांत उच्छाद मांडतात. हिंवतापाचा डांस तुलनेनें स्वच्छ पाण्यांत वाढतो व त्याचा ताप पावसाळ्यांत आणि त्यानंतर फैलावतो. उपद्रव व रोग यांचे हंगाम असे भिन्न असल्यामुळें गुणगुण थांबतांच जाळी गुंडाळून ठेवणारा गृहस्थ स्वतःच्या हिशेबानें चुकत नाहीं; हिशेबच निराळा असतो. गडचिरोलीकडे औषध लावलेल्या मच्छरदाण्या सरकारांतून वांटल्या गेल्या. तथापि पीक राखण्यासाठीं मचाणावर रात्र काढणाऱ्यास घरीं टांगलेली जाळी काय रक्षण देणार?

तात्पर्य, मच्छरदाणीचा इतिहास हा वैद्यकापेक्षां निद्रेचा, शेजेचा व ऋतूंचा इतिहास आहे. तो सनदांत सांपडणार नाहीं. रोजकीर्दी, जामदारखान्याच्या याद्या व लग्नांतील आंदणाचे कागद यांतच सांपडेल. असे मोडी कागद निरुपयोगी समजून रद्दींत जातात, ही खेदाची गोष्ट आहे. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं मच्छरदाणीची नोंद आढळल्यास मिति, किंमत, कापड व ती कोणाच्या शेजेकरितां घेतली हें टिपून ठेवावें. घरांतील एकाच पलंगास जाळी होती कीं बाळंतिणीच्या बाजेसहि होती, एवढें कळलें तरी त्या घराविषयीं पुष्कळ कळेल.