आवाज आणि नाव



लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना क्रमांकांच्या याद्या पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. आज आपण त्या याद्यांमागील नावांचा विचार करू.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रण कंपनीने डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड या कृष्णवर्णीय तरुणींचे ‘सुप्रीम्स’ हे गायिकात्रय पुढे आणले. १९६४ ते १९६९ या काळात ‘सुप्रीम्स’ची १२ गीते त्या देशाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिली आली. तथापि १९६७ मध्ये या नावाआधी एकट्या रॉस यांचे नाव लागले आणि बॅलार्ड यांना बाहेर पडावे लागले. यश तिघींचे, ठळक नाव मात्र एकीचे उरले.

आपल्याकडील अशी यादी म्हणजे ‘बिनाका गीतमाला’. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ लुप्त झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम सुरू झाला. एका मराठी मंत्र्याने ज्या गीतांना दार लावले, ती समुद्रापलीकडून घरोघरी परतली आणि त्यांत मराठी मंगेशकर भगिनींचे स्वर होते. १९६८ व १९६९ च्या वार्षिक यादीत पहिली आलेली ‘शागीर्द’ आणि ‘इंतकाम’ या चित्रपटांतील गीते लताबाईंचीच.

परंतु हे नाव सहजासहजी मिळाले नव्हते. १९४९ च्या ‘महल’ची गाजलेली तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. पुढे पार्श्वगायनास स्वतंत्र पारितोषिक नाही, म्हणून लताबाईंनी ‘फिल्मफेअर’ सोहळ्यात गाण्यास नकार दिला. ते पारितोषिक १९५९ मध्ये सुरू झाले आणि ‘मधुमती’साठी प्रथम त्यांनाच लाभले.

ज्यांच्या आवाजाची तबकडीच निघाली नाही, त्यांचे काय? तिगाव, पांढुर्णा, सौसरच्या घरांतून पहाटे जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्या कोणत्याही यादीत नाहीत. त्यांचा क्रमांक लावण्याची गरजही नाही; नावे मात्र राहिली पाहिजेत. म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून आठवेल ती ओवी लिहून घ्यावी आणि तिच्याखाली गाणारीचे संपूर्ण नाव लिहावे. इतिहासाचे एक पान तेवढ्याने वाचेल.