बायो सोडलेल्यांचा दरवाजा

अकरावी सायन्सला एक चौकट भरावी लागते, ज्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. इंजिनिअरिंगलाच जायचं ठरलेला मुलगा बायो सोडतो आणि इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतो. दोनशे मार्कांचा विषय, शिवाय दुसरी भाषाही सुटते. सोळाव्या वर्षी हा सौदा फायद्याचाच वाटतो. मीही तो केला. आता सात वर्षं कोड लिहून झाल्यावर डॉक्टर व्हावंसं वाटतंय, तर पहिला प्रश्न हाच येतो: बारावीला बायो होतं का?

ही फाळणी आमच्या पिढीची नाही. आधी इंटर सायन्सला ए ग्रुप आणि बी ग्रुप असत. गणितवाले एकीकडे, जीवशास्त्रवाले दुसरीकडे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट करून दिली आणि दोन्ही बाजूंच्या जागा वाढू लागल्या, पण सारख्या वेगाने नव्हे. इंजिनिअरिंग कॉलेजला इमारत आणि प्रयोगशाळा पुरते. मेडिकलला पेशंटनी भरलेलं रुग्णालय लागतं. त्यामुळे ए ग्रुपची पोरं कुठे ना कुठे सामावली गेली आणि बी ग्रुपची रांग लांबतच राहिली. रांग लांब असली की दारावरचे नियमही कडक होतात.

डॉक्टरकीची वाट शाळेतूनच सुरू व्हायला हवी, असं मात्र सगळीकडे मानलं जात नाही. आपण इंग्लंडची पद्धत घेतली: शाळा संपली की थेट मेडिकल. अमेरिका वेगळ्या रस्त्याने गेली, आणि तिथली सुरुवात फार सैल होती. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. शिक्षण बरंचसं घरी, गोपाळरावांच्या हाताखाली झालेलं. विज्ञानाची कुठलीही पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि कॉलेजने ती मागितलीही नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

दहा वर्षं उशीर झाला असता आणि बाल्टिमोरला अर्ज केला असता, तर त्यांना प्रवेश मिळाला नसता. जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झालं ते आधी पदवी हवी या अटीवर. अट घातली मेरी गॅरेट या बाईंनी. विद्यापीठाकडे पैसे नव्हते, त्यांच्याकडे होते. मुलींना मुलांच्या बरोबरीने घ्या आणि प्रवेशाची पातळी उंच ठेवा, मग पैसे देते, असा त्यांचा व्यवहार. आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतलं नसतं, असं तिथले विल्यम ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणाल्याचं सांगतात.

मग १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. हा माणूस स्वतः डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल्स पाहून त्याने बहुतेकांची लक्तरं वेशीवर टांगली. निदान दोन वर्षं कॉलेज आणि त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक हवंच, हा त्याचा आग्रह. त्याचे बळीही होते: कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल स्कूल्सपैकी पुढे हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच तगली. पण या कडकपणातून एक फट राहिली. आधी कॉलेज करायचंच असेल, तर ते कशातलं हे दुय्यम झालं. ठरलेले विषय पूर्ण केले की इंजिनिअरही अर्ज करू शकतो. कॅनडातल्या मॅकमास्टरने तर १९६९ मध्ये पहिली तुकडी घेताना विज्ञानाची अटही ठेवली नाही.

आपल्याकडे उलटं झालं. अकरावी-बारावीची दोन वर्षं सलग, प्रॅक्टिकलसकट बायो केलेलं हवं; नंतर जोडलेला विषय चालणार नाही. बी.ई.ची चार वर्षं या हिशेबात शून्य. २०१८ मध्ये वयाचीही भिंत उभी राहिली: खुल्या गटाला २५, राखीव गटांना ३०. त्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ही मर्यादा कायम ठेवली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या वयाच्यांना तात्पुरती परवानगी दिली. त्या खिडकीतून आत गेलेल्यांमध्ये ओडिशातले चौसष्ट वर्षांचे निवृत्त बँक अधिकारीही होते. २०२० ची नीट देऊन त्यांनी बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांच्या बातमीवर हसणारे बरेच होते. म्हातारा एका पोराची जागा खातोय, असं. हा आक्षेप मला अगदीच फालतू वाटत नाही. सरकारी जागा जनतेच्या पैशाची असते, आणि किती वर्षं सेवा मिळणार हा प्रश्न रास्त आहे. पण मग पंचविसाव्या वर्षी एम.बी.बी.एस. होऊन परदेशी जाणाऱ्यालाही तो विचारायला हवा. त्याला कोणी विचारत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये वयोमर्यादा गेली. २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दुसरी कडीही काढली: बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून जादा विषय म्हणून बायो दिलं तरी नीटला बसता येईल. इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर त्या दिवशी हे फारसं कोणी वाचलं नसावं. मी तीनदा वाचलं.

दार उघडलं, उंबरठा आहे तिथेच आहे. नीटचे ७२० मार्क. त्यातले भौतिक आणि रसायनचे ३६० आम्ही कधीतरी जेईईसाठी घोकलेले, उरलेले ३६० निव्वळ बायोचे. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज मिळालंच तर वर सेवेचा बॉन्ड. खाजगीची फी माझ्या बचतीत बसत नाही. आज अठ्ठावीस, तिसाव्या वर्षी जरी लागलो तरी छत्तीस कुठे गेले नाहीत. आई म्हणते, "अरे, तोवर तुझ्या वर्गातल्यांची मुलं शाळेत जातील." जातील.

मुक्त विद्यालयाचा बायोचा फॉर्म भरलाय. सध्या रोज सकाळी साडेपाच ते साडेसात वनस्पतींचं वर्गीकरण चालू आहे, साडेनऊला स्टँडअप कॉल.