राजाश्रयापासून महामंडळापर्यंत: फिल्मसिटी कशी उभी राहिली?

गोरेगावची फिल्मसिटी म्हटलं की हिंदी सिनेमे आणि डेली सोप आठवतात. पण ती चालवतं कोण? महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं राज्य सरकारच. स्थापना १९७७ ची. आता सरकारला या धंद्यात का पडावं लागलं, ते बघूया.

त्यासाठी आधी कोल्हापूरला जाऊ. तिथे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल तानीबाई कागलकरांचं, पाठिंबा शाहू महाराजांचा. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये 'प्रभात' सुरू केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. मग कोल्हापुरात पोकळी नको म्हणून राजाराम महाराजांच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन उभा राहिला. थोडक्यात, कलाकार गाव सोडून जातात आणि मग राज्यकर्ते हातपाय हलवतात, ही गोष्ट तेव्हाची आहे!

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे सगळं घरचंच: फ्लोअर, कॅमेरे, लॅब, नटसुद्धा पगारी. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, स्वतःचा डेटा सेंटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे गणित बिघडलं. सिनेमात काळा पैसा आला, स्टार मंडळी पगार सोडून सिनेमागणिक करार करू लागली. मोठे स्टुडिओ एकेक करून बंद पडले. प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली.

आता निर्मात्याकडे गोष्ट होती, पण फ्लोअर भाड्याचा. सगळ्यात जास्त कोंडी मराठी निर्मात्याची. कच्ची फिल्म हिंदीवाल्यांच्याच भावाने घ्यायची आणि प्रेक्षक मात्र मुख्यतः एका राज्यापुरता.

यावर शासनाने दोन वाटा काढल्या. पहिली पैशाची: सत्तरच्या दशकात मराठी सिनेमाला करमणूक कर परत मिळू लागला, तोही पुढचा मराठी सिनेमा काढण्यासाठी. दुसरी जागेची: महामंडळ स्थापन झालं आणि आरे कॉलनीच्या शेजारी, जंगलाच्या कडेला सुमारे ५२० एकरांवर चित्रनगरी उभी राहू लागली. आखणीत व्ही. शांताराम यांचं मार्गदर्शन होतं. हे तेच, प्रभातच्या संस्थापकांपैकी एक. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव मिळालं.

आयडिया एकदम क्लाउडसारखी. सर्व्हर विकत घेऊ नका, लागेल तेवढा भाड्याने घ्या. पण क्लाउडचं बिल ज्याला परवडतं, तोच तो वापरतो ना? इथेही तेच झालं. चित्रनगरी गजबजली ती प्रामुख्याने हिंदी सिनेमा आणि टीव्हीमुळे. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' इथलंच. आणि जिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली त्या कोल्हापूरची, मोरेवाडीची चित्रनगरी? ती कित्येक वर्षं रखडली.

भाडं मिळणं वाईट नाही, संस्था त्यावरच चालते. पण तेवढ्यावर यश मोजलं, तर ज्याच्यासाठी ती काढली तोच रांगेत शेवटी उभा राहतो. म्हणून असं कुठलंही महामंडळ दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो: यंदा इथे पहिला सिनेमा करणारे किती जण आले?

तुमच्या गावात असा बंद पडलेला स्टुडिओ किंवा नाट्यगृह असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात!