शामरावांची दोन युद्धं

वागळे इस्टेटीत वाढलेल्या मुलाला 'युनियन' हा शब्द शिकवावा लागत नाही. बाबा सेकंड शिफ्टहून आले की जेवताना बोनस, ओव्हरटाइम आणि गेट मीटिंग. शामराव परुळेकरांचं नावही मी तिथेच ऐकलं, पण 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या गोदावरीबाईंचे यजमान म्हणून!

शामराव १९३७ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले. पुढे कम्युनिस्ट झाले. महायुद्ध सुरू झालं, तेव्हा या युद्धाला विरोध केला म्हणून इंग्रजांनी नवराबायको दोघांना १९४० ते ४२ तुरुंगात ठेवलं. जानेवारी १९४५ मध्ये आमच्या जवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या पाठीशी हे दोघं होते.

इथवर अभिमानाने सांगता येतं. पुढचं सांगताना बाबाही थांबायचे.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. आमची वागळे ही तिची पहिली वसाहत. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि इंग्रजांचा भारत संरक्षण कायदा त्याच नावाने परत आला. या वेळी आपल्याच सरकारचा! पुढे त्याच्याखाली शामराव पुन्हा आत गेले, खटल्याशिवाय. ३ ऑगस्ट १९६५ला ते तुरुंगातच वारले.

परक्यांच्या तुरुंगातून सुटलेला माणूस आपल्यांच्या तुरुंगात गेला. स्वातंत्र्यसैनिकांच्या गोष्टी आपण १९४७ला संपवतो. शामरावांची मात्र तिथे संपवता येत नाही.