खंड्याचें नांव

जातिवंत कुत्र्याचें नांव दप्तरीं नोंदण्याची चाल मूळची विलायतेची. लंडनच्या केनेल क्लबनें १८८० सालीं ती सरसकट लागू केली, ती बॉब, जेट अशा एकाच नांवाच्या अनेक कुत्र्यांचा घोटाळा मोडण्याकरितां. पुढें पैदास करणाराच्या श्वानगृहाचें नांवही त्यास आडनांवासारखें जोडलें जाऊं लागलें.

आपल्याकडे नांव टिकलें तें कृतीमुळें. थोरल्या शाहूमहाराजांस शिकारींत वाघापासून वांचविणाऱ्या कुत्र्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला, असें ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहिलें आहे. लोकपरंपरा त्याला खंड्या म्हणते. साताऱ्याजवळ संगम माहुलीस त्याची समाधि आहे.

सांगली-जत भागांतील कारवानी कुत्र्याच्या बाबतींत तर जातीच्याच नांवाचा वाद आहे. एक संस्था त्यास 'कॅरव्हॅन हाउंड' म्हणून नोंदते, तर दुसरी घोरपड्यांच्या संस्थानावरून 'मुधोळ हाउंड' म्हणून. नोंद अवश्य हवी. तीवांचून वंशाचा माग राहत नाहीं. परंतु नांव निवडतांना आपल्या पैदासकारांनीं विलायती नांवें कां उसनीं घ्यावीं? वहींतलें नांव कुळ सांगेल. खंड्यासारखें नांव मातीही सांगेल.